तलावाकाठचे दोन धोबी: फोटोत ओळखायचे कसे?

थंडी पडली की नागपूरच्या फुटाळा, अंबाझरी तलावांच्या काठावर शेपटी खालीवर नाचवत पळणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याचे फोटो निघतात आणि सगळ्यांखाली नुसतं ‘धोबी’ लिहिलेलं असतं. खरं तर हे दोघे आहेत. पांढऱ्या भुवईचा धोबी भारतीय उपखंडातलाच, बारमाही राहणारा. पांढरा धोबी हिवाळी पाहुणा. त्यामुळे मे महिन्यात दिसलेला धोबी बहुधा भुवईवालाच. पक्षी सप्ताहात (5 ते 12 नोव्हेंबर) मात्र दोघेही भेटू शकतात, आणि खरा घोळ तेव्हाच होतो.

बरेच जण पाठ बघतात: काळी असेल तर भुवईवाला, राखाडी असेल तर पांढरा. ढोबळमानाने चालतं. पण पांढऱ्या धोब्याच्या काही उपप्रजातींची पाठही काळी असते आणि भुवईवाल्याचं कोवळं पोर करड्या-तपकिरी रंगाचं. मला विचाराल तर पाठ सोडा, कपाळ बघा. भुवईवाल्याचं कपाळ काळं. चोचीच्या मुळापासून ठसठशीत पांढरी भुवई मागे जाते. पांढऱ्याचं कपाळच पांढरं. भुवईवाला साधारण 21 सेंटिमीटरचा, म्हणजे थोडा मोठा, पण एकट्या पक्ष्याच्या फोटोत आकार काय कळणार!

म्हणून चेहरा समोरून किंवा तिरका मिळायला हवा, आणि इथे भुवईवाला जास्त छळतो. काळ्या चेहऱ्यात काळा डोळा हरवतो. सकाळचं ऊन पाठीशी घ्या, डोळ्यात चमक येते. काळा रंग जास्त असला की कॅमेरा फोटो उजळवतो आणि भुवई जळून पांढरा डाग उरतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, थोडं उणे ठेवा. शटरचा वेग 1/1000 सेकंदापेक्षा कमी नको, शेपूट थांबतच नाही.

मागे लागलात तर दोघेही काठाकाठाने पुढे पळतात. त्यापेक्षा पाण्यालगत खाली बसून राहा, किडे टिपत तेच जवळ येतात. छपराच्या टोकावर बसून लांबलचक गाणारा भुवईवाला असतो. पांढऱ्याची हिवाळ्यात बहुतेक तुटक दोन सुरांची हाक. चोचीत किडे घेऊन भुवईवाला खायचं सोडून भिंतीच्या भोकाभोवती घुटमळत असेल, तर आत पिल्लं आहेत: तिथून लगेच उठा.