दोन्ही खुर्च्यांवर बसलेला एकमेव मंगोल

ऑगस्ट २०२५ मध्ये इनर मंगोलिया या चीनच्या उत्तरेकडच्या स्वायत्त प्रदेशाच्या सरकारप्रमुख वांग लिश्या यांच्यामागे चौकशी लागली. त्यांची ओळख करून देताना त्या मंगोल आहेत हे सांगावंच लागतं, कारण ती त्या पदाची अट आहे. चीनच्या १९८२च्या राज्यघटनेनुसार स्वायत्त प्रदेश ज्या समाजाच्या नावाने असेल, त्याच समाजातली व्यक्ती तिथल्या सरकारची अध्यक्ष होते. अध्यक्ष म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा मुख्यमंत्री. पण त्याच्याही वर कम्युनिस्ट पक्षाचा सचिव असतो आणि शेवटचा शब्द त्याचा चालतो. सचिवपदाला वंशाची अट नाही. १९६६ नंतर तिथे एकही मंगोल बसलेला नाही. त्याआधी एक जण बसला होता, तोही दोन्ही पदं एकाच वेळी सांभाळून. त्याचं नाव उलानहू.

१९०६ साली इनर मंगोलियाची आजची राजधानी होहोट हिच्याजवळ तुमेद मंगोलांच्या घरात त्यांचा जन्म झाला. तुमेद लोक पिढ्यान्‌पिढ्या हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाच्या, शेतकऱ्यांच्या शेजारी राहून स्वतःही शेती करू लागले होते आणि घरात चिनीच बोलत. त्यामुळे पुढे सगळ्या मंगोलांचा नेता म्हणवल्या गेलेल्या या माणसाची मंगोल भाषा कच्चीच राहिली. मूळ नाव युन झ. ‘उलानहू’ हे नंतर घेतलेलं, अर्थ ‘लाल पुत्र’. मंगोलियाची राजधानी उलान बातर, तिच्यातला ‘उलान’ तो हाच. बीजिंगच्या मंगोल-तिबेटी शाळेत शिकताना ते डाव्या चळवळीत ओढले गेले, १९२५ मध्ये पक्षात आले आणि त्याच वर्षी मॉस्कोला शिकायला गेले. परतल्यावर गुप्त काम, मग कम्युनिस्टांचा तळ असलेल्या येनानमध्ये अल्पसंख्याकांच्या प्रशिक्षण संस्थेची जबाबदारी. १९४५ मध्ये ते पक्षाच्या केंद्रीय समितीचे पर्यायी सदस्य झाले.

खरी कसोटी महायुद्ध संपल्यावर लागली. जपान हरला आणि पूर्वेकडच्या मंगोलांनी स्वतःचं सरकार थाटलं. त्यांच्यातल्या अनेकांचा ओढा सीमेपलीकडच्या मंगोल प्रजासत्ताकाकडे, म्हणजे आजच्या मंगोलिया देशाकडे होता. एप्रिल १९४६ मध्ये चंगडे इथे उलानहूंनी त्यांना वाटाघाटींत वळवलं: स्वातंत्र्य नाही, चिनी कम्युनिस्टांच्या छत्राखाली स्वायत्तता. १ मे १९४७ रोजी वांग-ये-म्याओ या गावात इनर मंगोलियाचं स्वायत्त सरकार स्थापन झालं आणि उलानहू त्याचे अध्यक्ष झाले. चीनचं लोक प्रजासत्ताक जन्मायला अजून दोन वर्षं होती. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. बाकीचे स्वायत्त प्रदेश बीजिंगने आखून दिले, हा मात्र सत्ता हाती येण्याआधीच्या सौद्यातून आला. म्हणूनच उलानहूंच्या शब्दाला काही काळ वजन राहिलं.

ते कुठे वापरलं, हे पाहण्यासारखं आहे. बाकी चीनमध्ये जमीनदारांना चव्हाट्यावर आणून जमीन वाटली जात होती. तोच खाक्या गवताळ प्रदेशात लावल्यावर वाटलेली जनावरं कापली गेली आणि कळप आटले. उलानहूंनी ‘तीन नकार, दोन फायदे’ असं धोरण आणलं: कळपमालकांविरुद्ध संघर्ष नाही, जनावरांची वाटणी नाही, वर्गांचे शिक्के नाहीत; फायदा गुराख्याचाही आणि मालकाचाही. १९५४ मध्ये सुइयुआन प्रांत त्यांच्या प्रदेशात विलीन झाला आणि राजधानीचं ‘ग्वेइसुइ’ हे नाव, ज्याला बंडखोरांना वठणीवर आणल्याचा वास होता, जाऊन ‘होहोट’, म्हणजे निळं शहर, हे मंगोल नाव परत आलं. पण या विलीनीकरणाने जमिनीबरोबर लाखो हान रहिवासीही आले. २०२०च्या जनगणनेत इथल्या सुमारे २ कोटी ४० लाख लोकांपैकी मंगोल जेमतेम १८ टक्के होते.

१९६० च्या आसपासच्या दुष्काळात शांघाय आणि परिसरातल्या अनाथालयांसाठी दूधभुकटी मागितली गेली, तेव्हा उलानहूंनी मुलांनाच गवताळ प्रदेशात आणून वाढवायचं ठरवलं. सुमारे ३,००० मुलं मंगोल घरांत वाढली. सरकारी प्रचार आजही ही गोष्ट आवडीने सांगतो. पुढच्या गोष्टी तितक्या आवडीने नाही.

१९६६ पर्यंत पक्षाचे प्रथम सचिव, सरकारचे अध्यक्ष, लष्करी विभागाचे प्रमुख आणि देशाचे उपपंतप्रधान, सगळं ते एकटेच होते. मंगोल भाषेचा आग्रह आणि कुरणं नांगरायला विरोध हे त्यांचे जुने हट्ट. त्यात त्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी १९३५ सालचं माओंचं एक जाहीरपत्रक पुन्हा छापून वाटलं. सत्ता हाती नसताना माओंनी त्यात मंगोलांना आत्मनिर्णयाचं वचन दिलं होतं. मे ते जुलै दरम्यान बीजिंगच्या छ्यानमन हॉटेलात भरलेल्या बैठकीत त्यांच्यावर ‘स्वतंत्र राज्य’ उभारल्याचा ठपका ठेवून त्यांना हटवण्यात आलं. झाडाझडती घेणाऱ्यांत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची आणि पक्षाचे सरचिटणीस डंग श्याओपिंग होते. काही महिन्यांतच तेच दोघे सांस्कृतिक क्रांतीच्या त्याच वरवंट्याखाली आले.

नंतर सेनाधिकारी तंग हायचिंग यांच्या कारकिर्दीत ‘इनर मंगोलियन पीपल्स पार्टी’ या जुन्याच पक्षाचे छुपे सदस्य शोधण्याची मोहीम निघाली. सांस्कृतिक क्रांतीच्या नेत्यांवरच्या १९८०च्या खटल्यातल्या सरकारी आरोपपत्रानुसार ३,४६,००० लोकांचा छळ झाला आणि १६,२२२ जणांचा जीव गेला. १९६९ मध्ये प्रदेशाचे मोठे लचके तोडून शेजारच्या प्रांतांना दिले गेले. ते १९७९ मध्ये परत आले.

उलानहूही परत आले, पण होहोटला नाही. बीजिंगमध्ये त्यांना पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या वरच्या निर्णय मंडळात जागा मिळाली, १९८३ मध्ये देशाचं उपाध्यक्षपद मिळालं. डिसेंबर १९८८ मध्ये ते वारले. होहोटची अध्यक्षपदाची खुर्ची मात्र घराण्यात फिरली. आधी मुलगा बुहे तिच्यावर बसला आणि २०१६ पासून बुहेंची मुलगी बू श्याओलिन. २०२० च्या ऑगस्टअखेर मंगोल शाळांतले तीन विषय चिनी माध्यमात नेण्याचा आदेश निघाला आणि पालकांनी मुलांना शाळेत पाठवणं थांबवलं, तेव्हा सरकारच्या अध्यक्ष त्याच होत्या.