अमेरिकेतील चाइल्ड सपोर्ट: अर्ज कसा करायचा आणि कार्यालयाला किती दिवस द्यायचे?

अमेरिकेत आई-वडील वेगळे राहू लागले की मुलाच्या खर्चाचे पैसे मिळवून देण्यासाठी प्रत्येक राज्यात चाइल्ड सपोर्ट कार्यालय असतं. 1975 च्या केंद्रीय कायद्याने ही सोय सुरू झाली. आई, वडील किंवा मूल सांभाळणारे आजी-आजोबा, कुणीही अर्ज करू शकतं. मिळकतीची अट नाही. अर्जाची फी जास्तीत जास्त 25 डॉलर.

सोबत मुलाचा जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी नंबर, घटस्फोटाचा किंवा कोर्टाचा आदेश असल्यास त्याची प्रत आणि आजवर मिळालेल्या पैशांचा हिशेब न्या. भारतातला दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. दुसऱ्या पालकाचा शेवटचा पत्ता आणि नोकरीचं ठिकाण मात्र नक्की लिहा. वसुली बहुतेक वेळा थेट पगारातूनच होते.

अर्ज दिल्यावर लोक महिनोन्‌महिने गप्प बसतात. तसं करू नका, कारण कार्यालयालाही मुदती बांधून दिल्या आहेत. अर्ज मिळाल्यापासून 20 दिवसांत केस उघडायची. दुसऱ्या पालकाचा पत्ता शोधावा लागणार असेल तर 75 दिवसांत सगळीकडे चौकशी करायची. माणूस सापडला की 90 दिवसांत आदेश मिळवायचा, निदान नोटीस तरी बजावायची. केस बंद करण्याआधी बहुतेक प्रकारांत 60 दिवस आधी लेखी कळवावं लागतं. त्या काळात तुम्ही उपयोगी माहिती दिलीत तर केस चालू राहते.

या मुदती पाळल्या की नाही, हे राज्य दरवर्षी काही केसेस काढून तपासतं आणि केंद्राला अहवाल देतं. केस नियमाने बंद केल्याचं प्रमाण निदान 90 टक्के हवं. वसुली, वैद्यकीय विमा अशा बाबींत 75 टक्के चालतं. म्हणजे चारातली एक केस रखडली तरी राज्य पास! ती एक तुमची असू शकते, म्हणून प्रत्येक पत्राची तारीख वहीत लिहून ठेवा आणि मुदत उलटली की लेखी विचारा.

दुसरा पालक भारतात परतला असेल तर गाडी इथे अडते. मुलांच्या पोटगीच्या 2007 च्या आंतरराष्ट्रीय हेग करारात भारत नाही. अमेरिकेत पगार चालू असेल तोवर कपात होते. एरवी भारतातल्या कोर्टात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125) पोटगीचा अर्ज करण्याचा मार्ग आहे. त्यासाठी तिथला वकील लागेल.