नऊ शब्द मागे जा

गेल्या खरिपात पीक विम्याच्या कामासाठी तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात बसलो असताना, सात-आठ कागदपत्रे एकत्र झिप करून, म्हणजे एकाच लहान फाईलीत बांधून, ईमेलने पाठवावीत असे मी सुचवले, तेव्हा संगणकावर बसलेला मुलगा मोठ्या आपुलकीने म्हणाला, “सर, झिप नका करू, त्यानं अक्षरं पुसट होतेत.” त्याचा गैरसमज अगदीच निराधार नव्हता. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो पुसट होतो हे तो रोज पाहत होता, आणि फाईल लहान झाली म्हणजे तिच्यातले काहीतरी गळले असणार, असा निष्कर्ष त्याने त्यावरून काढला होता. फोटोच्या बाबतीत तो बरोबर आहे, कारण डोळ्याला फारसा जाणवणार नाही असा तपशील तिथे जाणूनबुजून टाकून दिलेला असतो. झिपला मात्र तो निष्कर्ष लागू नाही. झिप उलगडल्यावर मिळणारी फाईल मूळ फाईलशी बिट-न्-बिट (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) जुळते, एका अनुस्वाराचाही फरक पडत नाही.

काहीही न गाळता फाईल लहान करण्याची जी रीत आज सर्वत्र वापरली जाते, तिचा पाया घालणारे दोघे शास्त्रज्ञ २०२३ साली बरोबर सात आठवड्यांच्या अंतराने गेले. अब्राहम लेम्पेल ४ फेब्रुवारीला आणि जेकब झिव्ह २५ मार्चला. मी वाचतो त्या वृत्तपत्रांत त्यांच्यासाठी दोन ओळीही मला दिसल्या नाहीत, आणि हा लेख उशिरा का होईना लिहिण्याचे तेच कारण आहे.

झिव्ह यांचा जन्म १९३१ मध्ये तिबेरियास येथे झाला, तर लेम्पेल यांचा १९३६ मध्ये, त्या वेळी पोलंडमध्ये असलेल्या ल्वूफ शहरात. दोघेही इस्राएलमधील हैफा येथील टेक्निऑन या संस्थेत प्राध्यापक होते. त्यांनी १९७७ आणि १९७८ साली एकेक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधांतल्या रीतींना त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून एलझेड-७७ आणि एलझेड-७८ म्हणतात. यांतली पहिली माझी विशेष आवडती असल्यामुळे पुढचा बराचसा लेख तिच्यावरच खर्च होणार आहे.

लातूरच्या बसस्थानकावर उभे आहोत आणि ध्वनिक्षेपकावरून पुढील घोषणा होत आहे अशी कल्पना करा: “लातूरहून नांदेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. लातूरहून उदगीरला जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागलेली आहे.” हे एकूण अठरा शब्द झाले. पहिले वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे लागेल, त्याला इलाज नाही. दुसरे वाक्य मात्र असे लिहिता येईल: नऊ शब्द मागे जा आणि एक शब्द उतरवा, उदगीरला, नऊ शब्द मागे जा आणि चार शब्द उतरवा, पाचवर, नऊ शब्द मागे जा आणि दोन शब्द उतरवा. म्हणजे नवे शब्द फक्त दोन, आणि बाकी सगळे आकड्यांच्या तीन जोड्यांत मावले. किती मागे जायचे आणि किती उतरवायचे, हे दोनच आकडे प्रत्येक जोडीत असतात. संगणकाला शब्द म्हणजे काय हे ठाऊक नसते, तो बाइट, म्हणजे आठ-आठ बिटांचे गट, मोजतो. पण युक्ती हीच.

अशा आखूड खुणांचा अर्थ लावायला एखादा शब्दकोश लागतो; यात तो कुठे आहे, हे पाहण्यासारखे आहे. त्याआधीच्या पद्धतींत, उदाहरणार्थ डेव्हिड हफमन यांच्या १९५२ च्या सुप्रसिद्ध पद्धतीत, कोणते अक्षर किती वेळा येते याचा तक्ता आधी तयार करून पलीकडच्या माणसालाही द्यावा लागे. लेम्पेल आणि झिव्ह यांच्या रीतीत असे काहीच वेगळे पाठवावे लागत नाही, कारण आतापर्यंत वाचून झालेला मजकूर हाच शब्दकोश असतो, आणि तो पाठवणाऱ्याकडे व घेणाऱ्याकडे एकाच वेगाने वाढत जातो. मजकूर मराठी आहे की कन्नड, हिशेबाची वही आहे की हवामानाच्या नोंदी, हे आधी माहीत असण्याची गरज नाही.

आकड्यांची जोडी कधीकधी फारच मजेदार वागते. नामजपाच्या वहीत शंभर वेळा ‘विठ्ठल’ लिहायचे आहे असे समजा. पहिला ‘विठ्ठल’ लिहा आणि पुढे म्हणा: एक शब्द मागे जा आणि नव्याण्णव शब्द उतरवा. मागे तर एकच शब्द आहे, मग नव्याण्णव कुठून आणायचे? पण उतरवलेला दुसरा शब्द लगेच तिसऱ्यासाठी ‘मागचा’ होतो, तिसरा चौथ्यासाठी, आणि जो मजकूर अजून लिहिलेलाच नाही त्यातूनच पुढचा मजकूर निघत जातो. वह्यांमागून वह्या भरणाऱ्या आमच्या आजीला ही सवलत मान्य झाली नसती, हा भाग वेगळा.

आता जरा अवघड वळण. ही युक्ती नुसती चलाख नाही, ती सर्वोत्तम आहे, आणि हे गणिताने सिद्ध झालेले आहे. माहितीच्या गणिती सिद्धांताचा पाया घालणारे क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवले की कोणत्याही संदेशस्रोताला एक तळ असतो, ज्याच्या खाली काहीही न गमावता सरासरीने जाता येत नाही; त्याला एन्ट्रॉपी म्हणतात. जी गोष्ट १,०२४ वेळांतून एकदाच घडते तिच्यासाठी १० बिट खर्च करणे रास्त, कारण २ चा दहावा घात १,०२४ असतो. आणि दोनांतून एकदा घडणाऱ्या गोष्टीसाठी एकच बिट पुरे. परंतु ही शक्यता माहीत कशी व्हायची? इथे मागे जाण्याच्या आकड्याचे सौंदर्य उघड होते. जो शब्दसमूह १,०२४ ठिकाणांतून सरासरी एकदा येतो, तो मागच्या वेळी सरासरीने तितक्याच ठिकाणांपूर्वी येऊन गेलेला असतो, आणि १,०२४ च्या आसपासचा आकडा दोनअंकी पद्धतीत लिहायला सुमारे १० बिटच लागतात. नेहमीच्या गोष्टी जवळ सापडतात म्हणून त्यांचा आकडा लहान, दुर्मीळ गोष्टी दूर सापडतात म्हणून त्यांचा आकडा मोठा. शक्यता कोणी मोजलीच नाही, तरी मागे जाण्याच्या अंतरातच ती आपोआप मोजली गेली. झिव्ह आणि ॲरन वायनर यांनी या विचाराला काटेकोर रूप देऊन, स्रोताचे स्वरूप काळानुसार बदलत नसेल आणि मजकूर व मागे पाहण्याची मर्यादा दोन्ही वाढत गेल्या, तर ही रीत शॅननच्या तळाशी जाऊन पोहोचते, असे १९९४ मध्ये सिद्ध केले. हा परिच्छेद एका वाचनात उतरला नाही तर वाचकाने वाईट वाटून घेऊ नये. मला तो समजायला एक आख्खा उन्हाळा लागला होता.

आपल्या लिपीचा यात एक खास लाभ आहे. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ल, काना, त, दीर्घ उकार आणि र मिळून ‘लातूर’चे पंधरा बाइट होतात, तर रोमन लिपीत पाचात काम भागते. मात्र त्या तिनांपैकी पहिला बाइट नेहमी २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५, म्हणजे दोन तृतीयांश मजकूर जवळजवळ आधीच माहीत असतो. त्यामुळे मराठी मजकुराची फाईल झिप केल्यावर प्रमाणाने इंग्रजीपेक्षा अधिक आक्रसते. घरी करून पाहण्याजोगा हा प्रयोग आहे.

एकदा झिप केलेली फाईल पुन्हा झिप करून काही मिळत नाही, कारण पुनरावृत्ती आधीच संपलेली असते. ‘कोणतीही फाईल दहापट लहान करा’ अशा जाहिराती करणाऱ्या ॲपना तर एक साधा हिशेब विचारावा. तीन बिटांच्या फायली एकूण आठ असतात. त्यांच्याहून लहान फायली, म्हणजे दोन बिटांच्या चार, एका बिटाच्या दोन आणि रिकामी एक, अशा सातच. आठ पाहुण्यांना सात ताटांवर वेगवेगळे बसवता येत नाही. काही फायली लहान होतात त्याची किंमत म्हणून दुसऱ्या काही फायलींना मोठे व्हावेच लागते. ही अडचण कोणत्याही भावी संगणकालाही टाळता येणार नाही.

झिपचे तंत्र वेदांत होते, असाही एक संदेश मध्यंतरी मला आला. घनपाठ ही वेदपठणाची रीत ऐकलेल्या कोणालाही उलटे दिसेल. त्यात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला आणि पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा अशा क्रमाने तीन शब्दांचे तेरा होतात. पुनरावृत्ती वाढवून चूक पकडण्याची ती युक्ती आहे, आणि उत्तम आहे. पण ती कॉम्प्रेशनच्या, म्हणजे मजकूर लहान करण्याच्या, नेमकी विरुद्ध दिशेने जाते. पूर्वजांना त्यांनी केलेल्या कामाचे श्रेय द्यावे, न केलेल्याचे कशाला?

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये एलझेड-७८ सुधारली, तिच्यावर जिफ चित्रे उभी राहिली, तिच्या पेटंटवरून वाद झाला आणि त्यातून पीएनजी हा चित्रांचा मुक्त प्रकार जन्मला. एलझेड-७७ आणि हफमन यांची सांगड घालून, झिप हा फाईलप्रकार घडवणारे फिल कॅट्झ यांनी ‘डिफ्लेट’ ही पद्धत केली. तीत ३२,७६८ बाइटांपर्यंत, म्हणजे सुमारे अकरा हजार देवनागरी चिन्हांइतके, मागे पाहता येते. झिप, पीएनजी, वर्ड आणि एक्सेलच्या आजच्या फायली, अँड्रॉइड ॲपच्या फायली आणि बहुतेक पीडीएफ यांत तीच असते. लेम्पेल यांना २००७ मध्ये आणि झिव्ह यांना १९९५ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे हॅमिंग पदक मिळाले; झिव्ह यांना २०२१ मध्ये तिचे सर्वोच्च सन्मानपदकही मिळाले.

सेवा केंद्रातल्या त्या मुलाला मी वर्डची एक फाईल नोटपॅडमध्ये उघडायला लावली. पडद्यावर अगम्य चिन्हांचा चिखल दिसला आणि त्याच्या अगदी आरंभी पी आणि के ही दोन रोमन अक्षरे. ती फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे आहेत, आणि प्रत्येक झिप फाईलीच्या सुरुवातीला बहुधा तीच असतात. लेम्पेल आणि झिव्ह यांचे नाव त्या चिखलात कुठेही लिहिलेले नसते. मुलाने कागदपत्रे झिप केली, स्वतःलाच ईमेल केली, उलगडली, सातबाऱ्यावरचा गट क्रमांक मोठा करून पाहिला, आणि मग विमा कार्यालयाला पाठवली.