गावात कला संग्रहालय काढायचंय? आधी संस्था नोंदवा, मग भिंतीत खिळे ठोका

आमच्याकडे ड्रॉइंगच्या एका सरांची दीडेकशे वॉटरकलर्स होती, तापीकाठ, केळीच्या बागा, बैलबाजार असं सगळं, आणि सर गेल्यावर आम्ही त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की याचं म्युझियम करायचं. एक खोली मिळाली, ट्यूबलाइट लावल्या, नारळ फोडला. दोन वर्षांनी सरांचा पुतण्या टेम्पो घेऊन आला आणि चाळीसेक चित्रं भरून घेऊन गेला. त्याला दाखवायला आमच्याकडे एक कागद नव्हता, चूक आमचीच. नंतर रीतसर नोंदणी केली, तेव्हा जे कळलं ते लिहितोय, जळगाव-धुळे-नंदुरबारकडे बरेच जण असलं काहीतरी काढायच्या विचारात असतात म्हणून.

आपल्याकडे उदाहरणं आहेत की. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ ला गेले, धुळ्यात त्यांच्या मागे लोकांनी संशोधन मंडळ उभं केलं म्हणून कागदपत्रं टिकली. चाळीसगावला स्टेशनजवळ फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे, ते १९८९ ला गेले तरी त्यांचे टेबलटॉप (टेबलावर वस्तू मांडून काढलेले) फोटो आजही बघायला मिळतात कारण मागे प्रतिष्ठान आहे. माणूस जातो, संस्था असली तर वस्तू राहतात.

नोंदणी होते धर्मादाय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात, अर्ज ऑनलाइन भरायचा. साधारण रस्ता असा की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्ट, दोन्ही नोंदण्या होतात आणि ट्रस्टच्या नंबराला पुढे ‘एफ’ लागतो. माणसं किमान ७ लागतात, १८ पूर्ण झालेली. सातही एकाच घरातली घेऊ नका, पुढे भाऊबंदकी म्युझियमात येते. एकजण तरी चित्रकलेतला आणि एकजण हिशोबाला पक्का असू द्या, बाकी नावं फ्लेक्सपुरती असली तरी चालतं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

कागद म्हणाल तर सगळ्यांचे आधार-पॅन आणि फोटो, पहिल्या सभेचा ठराव, विधानपत्र आणि नियमावली (ह्यालाच सगळे ‘घटना’ म्हणतात), सदस्यांची संमतीपत्रं, अर्ज करणाऱ्याच्या नावाचं अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, आणि ऑफिसच्या जागेचं मालकाचं ना हरकत पत्र सोबत घरपट्टीची पावती किंवा लाइटबिल. नावांचं स्पेलिंग आधारवर एक आणि ठरावात दुसरं असलं की झालं, परत फेरी.

खरा घोळ घटनेत होतो. कोर्टाजवळच्या टायपिस्टकडे तयार नमुना असतो, आम्हीही तोच घेतला, त्यात उद्देश होते व्यायामशाळा, बालवाडी, रक्तदान शिबिर, गोशाळासुद्धा, आणि चित्रांचा उल्लेख चौदाव्या नंबरला अर्धी ओळ. असं करू नका. उद्देश कमी आणि नेमके लिहा. जगभरातल्या संग्रहालयांच्या संघटनेने, म्हणजे आयकॉमने, २०२२ ला प्रागमध्ये जी व्याख्या केली ती सोपी पडते, नफ्यासाठी नसलेली, कायमस्वरूपी, समाजासाठी काम करणारी, वारसा गोळा करणारी, अभ्यासणारी, जपणारी, मांडणारी संस्था. त्यात आपला प्रदेश घाला, खान्देशातली चित्रं, फोटो, सातपुड्यातल्या पावरा-भिल्लांचे चांदीचे दागिने, जे काय असेल ते.

नियमावलीत तीन गोष्टी माझ्या मते हव्यातच. संग्रहातली वस्तू कुणा विश्वस्ताला विकत किंवा घरी लावायला मिळणार नाही. कुठलीही वस्तू संग्रहातून काढायची तर लेखी ठराव आणि ठराविक बहुमत. आणि संस्था बंद पडली तर (१८६० च्या कायद्यात त्यासाठी ३/५ सदस्यांची संमती लागते) चित्रं सभासदांत वाटली जाणार नाहीत, दुसऱ्या संस्थेकडे जातील. तिसरी कायद्यातच आहे, तरी लिहा, कारण भांडणात कायदा कुणी उघडत नाही, घटना उघडतात.

वस्तू घेताना बक्षीसपत्र, म्हणजे ती दान दिल्याचा लेखी कागद, करून घ्या. जंगम वस्तू नुसती हातात दिली तरी दान होऊ शकतं हे खरं, पण टेम्पोवाल्या पुतण्याला ते कसं सिद्ध करून दाखवणार? बक्षीसपत्रात कॉपीराइटचंही लिहून घ्या, चित्र तुमचं झालं म्हणून त्याचं कॅलेंडर छापायचा हक्क आपोआप येत नाही, तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहू शकतो.

मूर्ती, पोथी असलं काही आलं तर सांभाळून. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, १०० वर्षांहून जुनी वस्तू त्यात येते, हस्तलिखिताला ७५ वर्षं, आणि दगडी-धातूच्या मूर्ती, सचित्र पोथ्या अशा ठरलेल्या प्रकारांची नोंदणी फोटोसकट करावी लागते. नांगरताना कुणाला नाणी सापडली आणि त्याने प्रेमाने तुम्हाला आणून दिली तरी ठेवून घेऊ नका, १८७८ च्या कायद्याने १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं. हो, १० रुपये.

नोंदणी झाली की संस्थेचं पॅन, बँक खातं, मग संस्थेला आणि देणगीदारांना करसवलत मिळावी म्हणून आयकराची नोंदणी, जिला सगळे अजून १२ए आणि ८०जी म्हणतात, आणि केंद्राचं अनुदान हवं असेल तर नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा नंबर. दरवर्षी ऑडिट, आणि विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला की ९० दिवसांत धर्मादाय ऑफिसात बदल अर्ज. हा सगळ्यात जास्त राहतो, मग दहा वर्षांनी कागदावर अध्यक्ष म्हणून गेलेला माणूस असतो आणि बँक सही मागते. संस्थेची इमारत किंवा जागा विकायला, किंवा ३ वर्षांहून जास्त भाड्याने द्यायला आयुक्तांची आधी परवानगी लागते.

आवक रजिस्टर मात्र नोंदणीची वाट न बघता आजच सुरू करा. जाड बांधणीची वही, पानांना नंबर, नंतर कुणी पान घुसवू नये म्हणून. तारीख, कुणी दिलं, माप, कुठे डाग-फाट आहे ते, आणि तोच नंबर चित्राच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलने हलक्या हाताने. बॉलपेन नको, आमच्या सरांच्या बैलबाजारात निळा तीन नंबर पुढून दिसतो, थेट बैलाच्या पाठीवर.