अमेडिया (नॉर्वे)

अमेडिया ही नॉर्वेतली मीडिया कंपनी. हेडऑफिस ऑस्लोला, पण तिचा खरा पसारा ऑस्लोबाहेर, छोट्या छोट्या गावांत आहे. देशभरातले शंभराच्या आसपास लोकल पेपर आज हिच्या मालकीचे आहेत किंवा त्यात हिचा मोठा वाटा आहे. नॉर्वेची लोकसंख्या जेमतेम ५६ लाख, त्यात पेपर दोनशेच्या वर, म्हणजे साधा हिशेब केला तर देशातला जवळपास दर दुसरा पेपर कुठून ना कुठून हिच्याकडेच येऊन पोचतो.

एकाच पेपरच्या जिल्हा आवृत्त्या असतात तसं हे नाहीये. इथे प्रत्येक पेपरचं नाव वेगळं, संपादक वेगळा, अग्रलेख वेगळा. ट्रोम्सोचा 'नूरलिस', लोफोतेन बेटांवरचा 'लोफोतपोस्टन', बोडोचा 'आवीसा नूरलान्ड', बर्गनचा 'बर्गनसाविसेन', हामारचा 'हामार आर्बाइडरब्लाद', ड्रामेनचा 'ड्रामेन्स टिडेन्ड', मॉसचा 'मॉस आवीस'. मास्टहेडवर (पेपरच्या नावाच्या पट्टीवर) मालकाचं नाव ठळक दिसेलच असं नाही. 'आर्बाइडरब्लाद' म्हणजे सरळ सरळ 'कामगारांचा पेपर', आणि हा शब्द आजही चारपाच पेपरांच्या नावात शिल्लक आहे, कंपनी मुळात कुठून आली ते त्यावरूनच कळतं.

नॉर्वेत एकेकाळी गावोगावी पक्षाचे पेपर होते. गाव जरा मोठं असलं की एक पेपर उजव्या होयरे पक्षाचा, एक उदारमतवादी वेन्स्ट्रेचा आणि एक कामगार पक्षाचा, आणि कुठल्या घरात कुठला पेपर येतो यावरून ते घर मत कुणाला देतं हे शेजाऱ्याला बरोब्बर माहीत असायचं. कामगार चळवळीचे पेपर काढणारे लोक बहुतेक वेळा स्वतःच छापखान्यात खिळे जुळवणारे, शाळामास्तर वगैरे असायचे. १८८४ मध्ये ऑस्लोत (तेव्हाचं क्रिस्तियानिया) क्रिस्तियान होल्टरमान क्नुडसेन नावाच्या टायपोग्राफरने 'वूर्ट आर्बाइडे' सुरू केला, आणि कामगार पक्ष स्थापन झाला त्यानंतर, १८८७ ला. म्हणजे पेपर आधी, पक्ष नंतर! उत्तरेला ट्रोम्सोचा 'नूरलिस' १९०२ चा, तो काढणारा आल्फ्रेड एरिकसेन हा चर्चचा पाद्री होता आणि पुढच्याच वर्षी कामगार पक्षाकडून संसदेत गेला.

१९४० मध्ये जर्मनांनी देश ताब्यात घेतल्यावर कामगार पेपर बंद पाडले गेले. लढाई संपल्यावर हे सगळं परत उभं करायचं तर प्रत्येक गावाने एकट्याने करणं परवडणारं नव्हतं, म्हणून १९४८ मध्ये पक्ष, कामगार संघटना आणि पेपर यांनी मिळून 'नोर्स्क आर्बाइडरप्रेसे' ही सामाईक कंपनी काढली. हीच पुढे 'आ-प्रेसेन' झाली, आणि आजची अमेडिया म्हणजे तीच. सुरुवातीला ती मालक कमी आणि मदतनीस जास्त अशीच होती, पेपर आपापल्या गावच्या कामगार युनियनचेच होते. मग ७०-८० च्या दशकांत पक्षाशी नाळ तुटत गेली, वाचक पक्ष बघून पेपर घेईनासे झाले, आणि छोटे पेपर एकेक करून या मध्यवर्ती कंपनीच्या हातात आले.

याच सुमाराला सरकारही मध्ये पडलं होतं. गावातला दोन नंबरचा पेपर जाहिरातीअभावी मरतो आणि मग एकच आवाज उरतो, हे थांबवायला १९६९ पासून नॉर्वेत पेपरांना थेट सरकारी अनुदान मिळतं. शिवाय पेपरच्या विक्रीवर व्हॅट शून्य, २०१६ पासून डिजिटल पेपरवरही शून्य. गंमत अशी की अमेडियाचे बरेचसे पेपर आपल्या गावात एक नंबरचे किंवा एकमेव असल्याने या मोठ्या अनुदानाच्या रांगेत ते नसतातच, बर्गनसाविसेनसारखे मोजके सोडले तर. बर्गनमध्ये एक नंबर 'बर्गेन्स टिडेन्ड'चा आहे आणि तो दुसऱ्याच ग्रुपचा.

आ-प्रेसेनने मधल्या काळात बऱ्याच उचापत्या केल्या. टीव्ही २ या खाजगी चॅनलमध्ये भागीदारी घेतली, रशियात छापखाने काढले, मॉस्कोच्या 'कोम्सोमोल्स्काया प्राव्दा' मध्येसुद्धा काही वर्षं हिचे शेअर होते. मालकीही विचित्र होती, एका बाजूला 'एलओ' ही कामगार महासंघटना आणि तिच्या युनियन, आणि दुसऱ्या बाजूला सुमारे ४४ टक्के शेअर टेलिनॉरकडे, म्हणजे ज्यात सरकारचाच मोठा हिस्सा आहे त्या टेलिफोन कंपनीकडे. कामगारांच्या पेपरात फोनवाल्यांचा जवळपास निम्मा वाटा, पण चाललं.

खरा उलटफेर २०११-१२ चा. तेव्हा 'एड्डा मीडिया' नावाचा दुसरा मोठा लोकल ग्रुप विकायला निघाला होता. हे पेपर आधी ऑर्कला या बड्या उद्योगसमूहाचे होते, २००६ मध्ये ते डेव्हिड मॉन्टगोमेरी या ब्रिटिश माणसाच्या 'मेकॉम'ने घेतले, आणि मॉन्टगोमेरी म्हणजे खर्चाला कात्री लावणारा म्हणून आधीच प्रसिद्ध, त्यामुळे तिथले पत्रकार पहिल्या दिवसापासून धुसफुसत होते. आ-प्रेसेनने टीव्ही २ मधला आपला ५० टक्के हिस्सा डॅनिश 'एगमॉन्ट'ला सुमारे २१० कोटी क्रोनरला विकला आणि सुमारे १७० कोटी क्रोनर मोजून एड्डा घेतला. २०१२ मध्ये नवं नाव पडलं: अमेडिया.

या सौद्यात काय झालं ते ड्रामेनला नीट दिसतं. ड्रामेनमध्ये 'ड्रामेन्स टिडेन्ड' हा होयरेवाल्यांचा पेपर आणि 'फ्रेमटिडेन' हा कामगारांचा, दोघांची पिढ्यान्‌पिढ्या खुन्नस. 'फ्रेमटिडेन' म्हणजे 'भविष्यकाळ', आणि तो १९९९ मध्ये बंद पडला. तेरा वर्षांनी त्याच कामगार प्रेसच्या वारसदार कंपनीने त्याच्या जुन्या वैऱ्याला विकत घेतलं. शीन शहरात बरोब्बर उलटं, तिथे कामगार परंपरेतला 'टेलेमार्कसाविसा' आधीपासून हिच्याकडे होता आणि 'वार्डेन' एड्डाबरोबर आला, पण एकाच भागातले दोन्ही पेपर एकाच मालकाकडे नकोत म्हणून 'वार्डेन' विकावा लागला.

सौदा मोठा, कर्जही मोठं, आणि नेमकी तेव्हाच कागदी जाहिरात कोसळायला लागली. पुढची दोनतीन वर्षं नोकरकपातीचीच होती. त्यातून सुटका झाली ती लॉगिनमुळे, हे माझं मत, पण बऱ्याच जणांचं तेच आहे. कंपनीने सगळ्या पेपरांना एकच लॉगिन लावलं, त्याचं नाव 'एआयडी'. वाचक कोण, वय काय, कुठली बातमी शेवटपर्यंत वाचतो, कुठे सोडून देतो हे सगळं एका जागी दिसायला लागलं आणि मग फुकट बातमी बंद करून डिजिटल वर्गणी सुरू केली. लोकल फुटबॉलच्या खालच्या डिव्हिजनच्या मॅचेस लाईव्ह दाखवायला लागले, ज्यात मैदानावर प्रेक्षक बऱ्याचदा शंभरसुद्धा नसतात, पण त्या पोरांचे आईबाप, आजीआजोबा, दुसऱ्या शहरात गेलेला भाऊ हे सगळे वर्गणीदार होतात! २०२० मध्ये 'प्लुस आल्ट' आलं, म्हणजे एका वर्गणीत ग्रुपमधले सगळे पेपर. लोफोतेनमधलं स्वोल्वेर सोडून ऑस्लोला आलेला माणूस ट्रॅममध्ये बसून 'लोफोतपोस्टन' वाचतो तो यावरच.

वाचतो काय, तर मोठं राजकारण नव्हे. सगळ्यात खपणारा मजकूर म्हणजे घरांची यादी. नॉर्वेत जमिनीचं रजिस्टर सार्वजनिक असल्याने कुठल्या गल्लीतलं कितवं घर कुणी कुणाला किती क्रोनरला विकलं हे नावानिशी छापतात. एक ओळ पत्ता, एक ओळ किंमत, 'अमक्याकडून तमक्याला', बस, आणि लोक आधी तीच उघडतात. अशा मजकुराची बरीच बातमी आता सॉफ्टवेअरच लिहितं. बाकी मग मृत्यूच्या जाहिराती, सत्तरावा वाढदिवस, शाळा बंद करायची की नाही यावरचा नगरपालिकेतला वाद, घाटात अडकलेला ट्रेलर, आणि १७ मेच्या राष्ट्रीय दिवसाला पोरांच्या मिरवणुकीचे ढीगभर फोटो, ज्यात आपलं पोरगं सापडेपर्यंत स्क्रोल करत बसायचं.

मालकीचा प्रश्न २०१६ ला परत निघाला. एलओ आणि टेलिनॉर दोघांनीही हात काढून घेतले आणि 'स्पारेबांकस्टिफ्टेल्सन डीएनबी' या बँकेतून जन्मलेल्या ट्रस्टने कंपनी घेतली, मग तिच्यासाठी स्वतंत्र अमेडिया ट्रस्ट केला. आता शेअरहोल्डरला डिव्हिडंड खायला घालायची सक्ती नाही, म्हणून नफा व्यवसायात फिरवता येतो, हा मोठा फायदा. संपादकावर मालकाचा दबाव येऊ नये म्हणून नॉर्वेत १९५३ पासून 'रेडाक्टोरप्लाकातेन' ही संपादकांची सनद आहे आणि २००८ मध्ये त्यातलं मुख्य तत्त्व कायद्यातही आलं, बातमीत मालकाने हात घालायचा नाही. तरी टीका होतेच. ती टीका अग्रलेखाबद्दल कमी आणि एकसारखेपणाबद्दल जास्त असते: वेबसाइटचा साचा एकच, ग्रुपमधल्या दुसऱ्या पेपरची बातमी इकडे उचललेली, आणि आकडे बघून ठरलेला मजकूर. टीका अगदीच खोटी नाही, चार पेपर शेजारी शेजारी उघडून बघा.

कागदी पेपरची अडचण वेगळीच आहे. २०२० मध्ये नॉर्वेचं पोस्ट एक दिवसाआड यायला लागलं, आणि डोंगराआडच्या घरात पेपर पोचवणारं पोस्टच असायचं, त्यामुळे कागदी अंकाचे दिवस कमी करून डिजिटलवर ढकलणं सोपं झालं. उलट मोठ्या शहरांत कागदाशिवाय नवे पेपरच काढले, 'आवीसा ऑस्लो' २०२० चा, ट्रॉन्डहाइममध्ये 'नीडारोस' हे जुनं नाव परत बाहेर काढून.

देशाबाहेर २०१९ मध्ये स्वीडनच्या 'बॉनियर' या मीडिया ग्रुपबरोबर 'मिटमीडिया'चे लोकल पेपर घेतले. आणि २०२४ मध्ये डेन्मार्कच्या 'बर्लिंग्स्के' ग्रुपचा सौदा केला, त्यातला मुख्य पेपर १७४९ पासून निघतोय आणि कोपनहेगनमध्ये तो उजव्यांचा पेपर म्हणूनच ओळखला जातो.