खाद्यवेष्टनांचे निर्जंतुकीकरण

अन्न भरण्यापूर्वी डबा, कागदी खोके, बाटली किंवा पिशवी यांच्या आतील पृष्ठभागावरचे सूक्ष्मजीव व त्यांचे बीजाणू (प्रतिकूल स्थितीत टिकणारी त्यांची कणखर सुप्त रूपे) नष्ट करण्याची क्रिया. नेहमीच्या डबाबंदीत पदार्थ व डबा एकत्रच शिजतात. ॲसेप्टिक (निर्जंतुक) भरणीत मात्र दोन्ही वेगवेगळे निर्जंतुक करून मग एकत्र आणतात. तेथे वेष्टनावर उरलेला एक बीजाणूसुद्धा आतला माल नासवू शकतो.

या भरणीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. डेन्मार्कमधील निल्सेन यांनी १९१३ च्या सुमारास धातूच्या डब्यांत असे दूध भरले, असे काही लेखक मानतात. अमेरिकी लेखक सुरुवात धरतात ती १९५० च्या आसपास व्यवहारात आलेल्या मार्टिन यांच्या ‘डोल’ प्रक्रियेपासून. कल्पना निल्सेन यांची मानली, तरी रिकामे डबे सलग सरकत असतानाच निर्जंतुक करणारी यंत्रणा व्यापारी पातळीवर रुळवण्याचे श्रेय मार्टिन यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांनी अतितप्त वाफ, म्हणजे उत्कलनबिंदूच्या वर आणखी तापवलेली कोरडी वाफ, वापरली. तिला दाबपात्र (दाब सोसणारे बंद भांडे) लागत नाही, हा मोठाच लाभ. पण ती कोरड्या उष्णतेसारखी वागते. संतृप्त (दाबाखालच्या ओलसर) वाफेचे काम १२१° से. ला भागते, हिला २००° से. च्या वर जावे लागते.

इतकी उष्णता कागदी खोक्यांच्या आतल्या पॉलिथिनच्या अस्तराला सोसत नाही. म्हणून त्यांच्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतुनाशक रसायन आले. टेट्रा पॅक कंपनीने १९६१ मध्ये निर्जंतुक दुधाची चौकोनी नव्हे, तर चार त्रिकोणी बाजूंची पुडी बाजारात आणली. सुमारे ३५ टक्के तीव्रतेच्या पेरॉक्साइडचा लेप किंवा स्नान देऊन वर गरम हवा मारतात. थंड पेरॉक्साइड बीजाणूंवर फार मंद चालते. खरी मारकता उष्णतेने येते. शेवटी त्याचे पाणी व ऑक्सिजन होतात. अमेरिकेत पॉलिथिनसाठी त्याला १९८१ मध्ये परवानगी मिळाली. तेथे भरणीनंतरचा अवशेष दशलक्ष भागांत ०.५ भागांपेक्षा अधिक चालत नाही. खोके उकलून पाहिल्यास उभ्या जोडावर आतून चिकटवलेली प्लॅस्टिकची अरुंद पट्टी दिसते. कागदाची कापलेली कड द्रव शोषते. ती कड पदार्थापासून दूर ठेवण्याचे काम ही पट्टी करते.

सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण एकटे पुरे पडत नाहीत. धुळीचा कण किंवा घडी आड आली की तिच्या सावलीत बीजाणू वाचतात. पेरॉक्साइडच्या जोडीने मात्र परिणाम दोहोंच्या बेरजेपेक्षा जास्त होतो. पेट या प्लॅस्टिकच्या बाटल्यांसाठी पेरॲसिटिक आम्लही वापरतात.

आंब्याचा रस पिंपांत भरण्याच्या मोठ्या बहुपदरी पिशव्या बंद अवस्थेतच गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊन येतात. भरताना फक्त तोंडाकडचा भाग वाफेने निर्जंतुक करावा लागतो. अलीकडे खोक्यांसाठी इलेक्ट्रॉन शलाकाही (वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत) वापरात आली आहे. तिच्यामुळे पेरॉक्साइडची गरज उरत नाही.