मनोधैर्य टिकतं कशावर? युद्धप्रचाराचं मानसशास्त्र

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला सगळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. दुसऱ्या महायुद्धात सातारा जिल्ह्यात (तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भागही त्यातच होता) सरकारची सैन्यभरती सुरू होती. लोकांचं मनोधैर्य टिकावं आणि अफवा थांबाव्यात म्हणून व्हाइसरॉयने १९४२ साली 'नॅशनल वॉर फ्रंट' उभा केला होता. त्याच सुमारास बर्लिनहून आझाद हिंद रेडिओ मराठीतही बातम्या देत होता, वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला होता, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव मूळ धरत होतं. इतके परस्परविरोधी आवाज कानावर पडत असताना माणूस कुणाचं खरं मानतो?

पहिलं उत्तर आहे पुनरावृत्ती. हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या अमेरिकी संशोधकांचा १९७७ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा ६० विधानं ऐकवली आणि प्रत्येक विधान किती खरं वाटतं ते विचारलं. त्यांतली २० विधानं दर वेळी तीच होती. खरी असोत वा खोटी, पुन्हा ऐकलेली विधानं अधिक खरी वाटू लागली. ओळखीचं वाक्य समजायला मेंदूला कमी श्रम पडतात आणि ही सहजता आपण खरेपणाची खूण समजतो. युद्धकाळातल्या घोषणा आखूड, ठेक्यातल्या आणि त्याच त्याच का असतात, ते यावरून कळेल.

पण जे स्वतःला तपासता येत नाही, त्याच बाबतीत ही युक्ती नीट चालते. दुकानात रॉकेल नसताना 'पुरवठा सुरळीत आहे' असं रोज सांगितलं, तर सांगणाराच खोटा ठरतो आणि मग त्याच्या आघाडीवरच्या बातम्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. ब्रिटनमध्ये १९३९ साली एक पोस्टर लावलं होतं: 'तुमचं धैर्य, तुमची उमेद, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल.' सोसायचं आम्ही आणि जिंकणार तुम्ही, असा अर्थ लोकांनी काढला आणि पोस्टरवर सडकून टीका झाली.

याहून मोठं नुकसान खोट्या क्रौर्यकथांनी केलं. जर्मन लोक सैनिकांच्या प्रेतांपासून चरबी काढतात, ही बातमी ब्रिटिश वृत्तपत्रांनी १९१७ साली छापली. ती निराधार असल्याचं १९२५ साली ब्रिटिश संसदेत मान्य झालं. पुढे १९४२ मध्ये ज्यूंच्या सामूहिक हत्येच्या खऱ्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा अनेकांना ती जुनी थाप आठवली आणि त्यांनी या बातम्यांकडेही संशयाने पाहिलं. खोट्या प्रचाराबद्दल आम्हाला सर्वांत जास्त चीड येते ती याच कारणाने. त्याची किंमत पुढच्या पिढीतल्या निरपराध माणसांनी मोजली.

मग मनोधैर्य टिकाऊ कसं होतं? १९४५ च्या सुरुवातीला अमेरिकी सैनिकांना जपान लवकर शरण येणार नाही हे पटवायचं होतं. काहींना एकाच बाजूचं भाषण ऐकवलं, काहींना विरुद्ध मुद्द्यांसह. आधीपासून सहमत असलेल्यांवर एकतर्फी भाषणाचा जास्त परिणाम झाला. ज्यांचं मत उलट होतं आणि जे जास्त शिकलेले होते, त्यांना दोन्ही बाजू मांडणारं भाषण पटलं. खरा फरक दिसला लम्सडेन आणि जॅनिस यांच्या १९५३ सालच्या प्रयोगात. भाषणानंतर आठवड्याने काही जणांना उलटा प्रचार ऐकवला. एकतर्फी भाषण ऐकलेल्यांपैकी जेमतेम २ टक्के आपल्या मतावर टिकले. विरुद्ध मुद्दे आधीच माहीत असलेल्यांपैकी ६१ टक्के टिकले. आधी दिलेली लस जसं काम करते, तसंच हे.

प्रतिसरकारने भाषणांच्या जोडीला न्यायदान मंडळं चालवली, गावातले तंटे मिटवले, कमी खर्चाची लग्नं लावली. ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं जुळत होतं. १९४३ ते १९४६ अशी तीन-चार वर्षं, पोलिसांचा ससेमिरा असतानाही, लोकांनी साथ दिली त्यामागे हे मोठं कारण होतं, असं आमचं मत आहे.

आज हीच परीक्षा मोबाइलवर होते. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या हल्ल्याची म्हणून फिरली. असा व्हिडिओ आला, तर तो थांबवून वेगवेगळ्या क्षणांचे तीन-चार स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. जुना असेल तर बहुतेकदा आधीची तारीख सापडते. एकाच स्क्रीनशॉटवर भागवू नका, कारण नुसता धूर किंवा ज्वाळा दिसत असतील तर शोध भरकटतो. पाटी, इमारत किंवा वाहन दिसणारा क्षण निवडा. काहीच सापडलं नाही म्हणजे व्हिडिओ खरा, असंही नाही. तो अगदी नवा किंवा संगणकावर बनवलेला असू शकतो. आवाज बंद करून एकदा पाहा, कारण भीती बऱ्याचदा मागून जोडलेल्या आवाजाची असते.

ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे, त्यांनी त्याची तुकडी, ठिकाण किंवा निघालेल्या गाड्यांचा फोटो ग्रुपवर टाकू नये. आणि ग्रामपंचायतीने स्पीकरवरून सूचना देताना तीन गोष्टी सांगाव्यात: काय नक्की कळलं आहे, काय अजून कळलेलं नाही, आणि पुढची माहिती किती वाजता मिळेल. सांगितलेली वेळ पाळावी, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी.